ज्याने दार उघडले, त्यालाच जाब?

बांगलादेशाने काय केले नाही, याची यादी परदेशी मानवाधिकार संघटनांकडे नेहमी तयार असते. रोहिंग्यांच्या छावण्यांना काटेरी तारेचे कुंपण घातले. काम करण्याची परवानगी दिली नाही. मुलांना कित्येक वर्षे औपचारिक शिक्षण दिले नाही. हजारोंना भासानचर बेटावर नेऊन ठेवले. यातला एकही आरोप खोटा आहे असे आम्ही म्हणणार नाही. मार्च २०२१ मध्ये बालुखालीच्या छावणीला आग लागली, तेव्हा त्याच कुंपणामुळे माणसांना पळणे कठीण झाले होते. वकिली करणाऱ्याला पुरावा नाकारता येत नाही. पण या अहवालांचा आधार घेऊन ढाक्याला नीतीचे पाठ देणाऱ्या सरकारांना आम्ही विचारतो, तुम्ही स्वच्छ हातांनी कोर्टात आला आहात काय?

२५ ऑगस्ट २०१७ नंतर म्यानमारच्या लष्कराने राखाईन प्रांतातील रोहिंग्यांची गावे जाळली आणि काही महिन्यांत सात लाखांहून अधिक माणसे सीमा ओलांडून कॉक्स बाजार जिल्ह्यात आली. १९८२ च्या नागरिकत्व कायद्याने त्यांना आधीच परके ठरवले होते. कायद्याच्या आधाराने माणसाचे माणूसपण कसे काढून घेतले जाते, हे आम्हाला दुसऱ्या कोणी समजावून सांगायला नको! महाराष्ट्राच्या निम्म्याहून कमी भूभाग आणि सतरा कोटींच्या घरातली लोकसंख्या असलेल्या देशाने या माणसांना जागा दिली. सुरुवातीला काहींना सीमेवरून परत लोटले गेले हे खरे, पण पुढे दार उघडले. १९५१ च्या निर्वासित करारावर बांगलादेशाची सही नाही, म्हणजे त्या कराराची सक्तीही नव्हती. पहिले अन्न दिले ते आसपासच्या खेड्यांतल्या गरिबांनी. आज उखिया आणि टेकनाफ या दोन तालुक्यांत स्थानिकांपेक्षा निर्वासित जास्त आहेत. हजारो एकर जंगल गेले, मजुरीचे दर पडले. ऑगस्ट २०२४ मध्ये ढाक्यातली सत्ता उलथली, तरी छावण्या मोडल्या नाहीत. उलट त्या वर्षापासून राखाईनमधील नव्या लढाईमुळे आणखी लाखभराहून अधिक माणसे आली.

आता उपदेश करणाऱ्यांकडे वळू. लहान होड्यांतून आपल्या किनाऱ्यावर येणाऱ्यांना थेट आफ्रिकेतल्या रवांडात पाठवण्याची योजना ब्रिटनने एप्रिल २०२२ मध्ये जाहीर केली. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांच्याच सर्वोच्च न्यायालयाने ती बेकायदा ठरवली आणि जुलै २०२४ मध्ये नव्या सरकारने ती गुंडाळली. युरोपीय संघाने मार्च २०१६ मध्ये तुर्कस्तानशी करार करून निर्वासितांना तिकडेच थोपवण्याची सोय केली आणि त्यासाठी सहा अब्ज युरो मोजायची तयारी दाखवली. ऑस्ट्रेलियाने तर आश्रय मागणाऱ्यांना वर्षानुवर्षे नाऊरूच्या बेटावर डांबून ठेवले. भासानचरवर ढाक्याने स्वतःच्या तिजोरीतून सुमारे ३५ कोटी डॉलर खर्च केले, पक्की घरे बांधली, बांध घातला. आधी साशंक असलेल्या संयुक्त राष्ट्रांनीही ऑक्टोबर २०२१ मध्ये तिथे काम करण्याचा करार केला. त्या बेटावर कोणालाही मनाविरुद्ध ठेवू नये, हे आमचे म्हणणे कायम आहे. पण नाऊरूवाल्यांनी ते सांगू नये.

आणि पैशाचे काय? देणगीदार देशांनी हात आखडता घेतला म्हणून जागतिक अन्न कार्यक्रमाला २०२३ मध्ये प्रत्येक निर्वासिताचे महिन्याचे रेशन १२ डॉलरवरून आधी १० आणि जूनमध्ये ८ डॉलरवर आणावे लागले. महिन्याला आठ डॉलर! पुढे रक्कम वाढली खरी, पण त्या काळात लेकरांच्या ताटातून जे गेले ते कोणत्या अहवालाने भरून निघणार?

आमच्या घरातलीही एक गोष्ट बोलली पाहिजे. याच कॉक्स बाजार जिल्ह्यातल्या रामू येथे २९ सप्टेंबर २०१२ च्या रात्री फेसबुकवरच्या एका चित्राचे निमित्त करून जमावाने बौद्ध विहार जाळले. ते आम्ही विसरलेलो नाही. चितगावच्या डोंगरातल्या चकमांची दुःखेही विसरलेलो नाही. तेव्हा बांगलादेशाला साधुत्वाचे प्रमाणपत्र आम्ही देत नाही. पण २०१७ मध्ये जे पळाले ते बौद्धबहुल देशातून पळाले आणि विराथूसारखे भिक्खू चीवर अंगावर ठेवून विष ओकत होते. बाबासाहेब डिसेंबर १९५४ मध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी रंगूनला गेले होते. त्या देशाशी आमची आपुलकी जुनी आहे, म्हणूनच तिथल्या पापावर गप्प राहण्याची सवलत आम्हाला नाही. मैत्री आणि करुणा शिकवणाऱ्या धम्माचे नाव घेऊन ज्यांना हाकलले, त्यांना शेजाऱ्याने भात वाढला. त्या ताटात खडे शोधणाऱ्यांच्या रांगेत बौद्धांनी उभे राहावे काय?

दुसऱ्यांना सुनावताना दिल्लीचा हिशेबही झाकता येत नाही. १९५१ च्या करारावर आपलीही सही नाही. जानेवारी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अरुणाचल सरकारला बजावले, की चकमांच्या जीविताचे रक्षण करणे राज्याचे कर्तव्य आहे, कारण कलम २१ प्रत्येक व्यक्तीसाठी आहे. ते चकमा बहुतेक बौद्ध. एप्रिल २०२१ मध्ये त्याच न्यायालयापुढे जम्मूत डांबलेले रोहिंग्या आले. कलम २१ त्यांनाही लागू आहे असे न्यायालय म्हणाले, मात्र देशाबाहेर न काढले जाण्याचा हक्क फक्त नागरिकांचा, असे सांगून रीतसर प्रक्रिया करून त्यांना परत पाठवण्याची वाट मोकळी ठेवली. ज्या म्यानमारमधून ते जीव घेऊन पळाले, त्याच म्यानमारकडे.