राम जाड का दिसतो?

आमच्या खामगावच्या बाजारातला मुरलेला व्यापारी कापसाच्या नुसत्या पांढरेपणावर कधी जात नाही. ढिगातून चिमूटभर कापूस उचलतो, दोन्ही हातांच्या बोटांत धरून ओढतो, जुळवतो, पुन्हा ओढतो आणि शेवटी बोटांत जो धागा उरतो त्याच्या लांबीवरून भाव बोलतो. १८७० साली खास कापसासाठी जलंबहून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा आला, तेव्हापासून हे शहाणपण इथे वस्तीला आहे. आणि हाच गृहस्थ संध्याकाळी टीव्हीच्या दुकानात शिरला, की रांगेतला जो पडदा सगळ्यांत जास्त डोळे दिपवतो त्याच्यापुढे उभा राहून म्हणतो, "हा द्या. याचं चित्र लय चकाचक हाय!"

माझे भांडण या चकाचकशी आहे.

भांडणाला निमित्त एका रामायणाचे आहे, आणि ते रामायण जपानी आहे. युगो साको नावाचे जपानी गृहस्थ १९८३ साली रामायणाशी संबंधित उत्खननावर माहितीपट करायला भारतात आले आणि उत्खनन बाजूला राहून रामायणाच्याच नादी लागले. पुढे कोइची सासाकी आणि आपल्याकडचे चलच्चित्रांतले बुजुर्ग राम मोहन यांना बरोबर घेऊन त्यांनी अख्खी कथा हाताने चितारून काढली. 'रामायण : द लीजेंड ऑफ प्रिन्स रामा' हे तिचे नाव, संगीत वनराज भाटियांचे. १९९३ च्या जानेवारीत दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात तो दाखवला गेला. चित्रगृहात तो त्या काळी फारसा कुणाला दिसला नाही. घरोघर पोचला तो पुढे कार्टून नेटवर्कवरून. जपानी लोक अशा चित्रपटांना ॲनिमे म्हणतात. आमच्या आळीत त्याला 'कार्टूनवालं रामायण' म्हणतात, आणि ते एवढ्या लोकांनी एवढ्या वेळा पाहिलेले आहे की कैकेयीने दुसरा वर मागण्याआधीच पोरे तो म्हणून दाखवतात.

या रामायणाच्या आमच्या घरी आजवर तीन आवृत्त्या नांदल्या. पहिली कॅसेट. मेव्हण्याने केबलवरून उतरवून घेतलेली. तिच्यात वनवासाला निघताना खालून साबणाची जाहिरात येते आणि सुग्रीवाची भेट व्हायच्या आत लोडशेडिंग होते, ते थेट वालीवधापर्यंत. दुसरी डीव्हीडी. ही जत्रेत तीस रुपयांना मिळाली. एका तबकडीत सहा चित्रपट! रामायणाच्या शेजारी कोण कोण होते ते सांगत नाही, घरात लेकीसुना आहेत. आता जी तबकडी एका चित्रपटाला धड पुरायची, तिच्यात सहा कोंबल्यावर प्रत्येकाच्या वाट्याला यस्टीच्या सीटवर येते तेवढीच जागा येणार. चित्र शांत असेतो हे लपते. पण लंकादहन सुरू झाले की ज्वाळांच्या जागी चौकोनी फरशा उडायला लागतात. ज्वाळा आणि धूर यांचे चित्र साठवायला सर्वांत जास्त जागा लागते, आणि नेमकी तीच मालकाने वाचवलेली असते. मारुतीरायाने लंका जाळली की उखडली, असा प्रश्न माझ्या नातीने विचारला होता.

तिसरी आवृत्ती मेव्हण्याने इंटरनेटवरून आणली. तिच्यावर '४के' असे ठसठशीत लिहिलेले होते. इथूनच आमचे बिनसले.

थोडा हिशेब सांगतो, कंटाळू नका. आपल्याकडच्या डीव्हीडीचे चित्र ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४,१४,७२० ठिपक्यांचे असते. ४के म्हणजे ३८४० गुणिले २१६०, म्हणजे ८२,९४,४०० ठिपके. बरोबर वीसपट. आता ज्याच्याकडे मुळात डीव्हीडीच आहे तो वीसपट ठिपके आणणार कुठून? एका खऱ्या ठिपक्यामागे एकोणीस ठिपके यंत्र आपल्या मनाने भरते. पावशेर दुधाचे पाच शेर करणाऱ्या गवळ्याला आपण जे म्हणतो, तेच मी मेव्हण्याला म्हणालो.

"पण भाऊजी, किती साफ दिसून राह्यलं ते तर पाहा!"

दिसत होते खरे. सीतेच्या गळ्यातल्या हाराचे मणी वितळून एक सोन्याची नळी झाली होती. हाताने ओढलेली रेघ कुठे जाड असते, कुठे बारीक होते, चित्रकाराचा हात कुठे थबकला तेही ती सांगते. इथे सगळ्या रेघा एका जाडीच्या, तारेच्या कुंपणासारख्या. लांब उभ्या असलेल्या वानरांना तर यंत्राने डोळेच ठेवले नव्हते. यंत्राला ते डाग वाटले असावेत.

एवढ्यावर भागत नाही. कॅसेट असो की जत्रेतली डीव्हीडी, तिच्यातले चित्र जुन्या टीव्हीच्या मापाचे, चारास तीन. आताचा पडदा सोळास नऊ. मग बाजूला काळ्या पट्ट्या राहतात. या पट्ट्या आमच्या मेव्हण्याला सहन होत नाहीत. "पूर्ण टीव्हीचे पैसे देल्ले आन् पाऊण टीव्ही काहून पाहाचा?" असे म्हणून तो रिमोटवरचे एक बटण दाबतो आणि चित्र आडवे ताणून पडदा भरून टाकतो. राम एक तृतीयांशाने रुंद होतो. चौदा वर्षे कंदमुळे खाऊन हा माणूस इतका जाड कसा, हा प्रश्न आमच्या घरात फक्त मलाच पडतो. दुसरे एक बटण आहे, त्याने चित्र ताणत नाही, मोठे होते आणि वरखालून चौथा हिस्सा कापले जाते. यात एकतर मुकुट जातो नाहीतर पाय. पाय गेले की पादुका गेल्या, आणि भरताला हात हलवत नंदिग्रामला परतावे लागते. आमच्या नांदुऱ्याचा १०५ फुटी हनुमान उद्या कुणी आडवा ताणायला निघाला, तर सारा तालुका हायवेवर उतरेल. दिवाणखान्यात मात्र रोज संध्याकाळी हेच चालते आणि कुणाचीही भावना दुखावत नाही.

आणखी एक सोय नव्या टीव्हीत न मागता मिळते. चित्रपटाच्या फिल्मवर सेकंदाला २४ चौकटी असतात. हाताने काढलेल्या चित्रपटात तर एकच चित्र पुष्कळदा दोन-दोन, तीन-तीन चौकटी तसेच ठेवतात, आणि त्या थबकण्यातच त्याची चाल असते. नवा टीव्ही या चौकटींच्या मध्ये स्वतःच्या चौकटी घुसडतो. धनुष्य लोण्यातून वाकवल्यासारखे वाकते. साडेचारशे कलावंत आणि लाखाच्या घरात चित्रे, असा या चित्रपटाचा हिशेब निर्माते सांगतात. त्यांच्या कामात टीव्ही तयार करणाऱ्याने आपली चित्रे मिसळावीत, हा अधिकार त्याला कुणी दिला?

तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्याला जुनेच आवडते. मुळीच नाही. कॅसेटचे चित्र भिकार होते. रंग असा फुटायचा की हिरव्या रानातून चाललेल्या लक्ष्मणाची सावली लाल दिसे. त्याची तरफदारी मी करणार नाही.

उलट खरे नवे कसे असते ते मी पाहिले आहे. २४ जानेवारी २०२५ ला हाच चित्रपट ४के रूपात देशभर चित्रगृहांत आला. मी तेव्हा पुण्याला मुलाकडे होतो. तिकिटाच्या पैशात आमच्याकडे आठवड्याची भाजी येते, पण गेलो. पडदा उजळला आणि पहिल्यांदा मला त्या चित्रातला कागद दिसला. मागच्या डोंगरावर ब्रश कसा फिरला ते दिसले. आणि साऱ्या चित्रावर अगदी बारीक, जिवंत असा रवा दिसला. शेजारच्या खुर्चीतला तरुण मित्राला म्हणाला, "एवढं फोर-के करून दाणे राहिलेच की!"

नेमके इथेच सारे गाडे अडते. तो दाणा म्हणजे घाण नव्हे. फिल्मवर चित्र उमटते ते चांदीच्या क्षारांच्या कणांमुळे. रंगीत फिल्म धुताना चांदी निघून जाते आणि तिच्या जागी रंगाचे ठिपके राहतात. तोच तो दाणा. चित्र त्याच्यावर बसलेले नाही, चित्र त्याचेच बनलेले आहे. आणि ज्या पट्टीवर हे कण बसतात ती पट्टी? तिचा कच्चा माल अनेक वर्षे सरकीवरची बारीक लव हा होता. म्हणजे फिल्म ही कापूस आणि चांदी. आमच्या गावच्या दोन्ही बाजारपेठा एका रिळात! हे खामगावकराला तरी समजायला हवे. रुईतला काडीकचरा काढायचाच असतो, पण साफ करणारे यंत्र फार जोरात फिरवले तर कचऱ्याबरोबर धागाही तुटतो. माल दिसतो पांढराशुभ्र, आणि ओढून पाहिला की हातात फक्त तुकडे. फिल्मवरची धूळ, ओरखडे, डाग जरूर काढा. दाणा काढलात की चेहऱ्याची मेणबत्ती होते.

पण हे सारे करायला मुळात रीळ लागते, आणि मेव्हण्याशी वाद घालताना माझा आवाज चढतो तो या ठिकाणी. जपानमध्ये तीस वर्षे कुणीतरी ती फिल्म नीट सांभाळली, म्हणून २०२५ साली ती उजळता आली. आपले काय? दादासाहेब फाळक्यांनी आगकाड्या पडद्यावर नाचवून 'आगकाड्यांची मौज' केली होती, ती आज कुठे पाहायला मिळत नाही. 'राजा हरिश्चंद्र' तुकड्यांत उरला. 'आलम आरा'ची एक प्रत नाही. जुनी रिळे आपल्याकडे वजनावर विकली गेली, कशासाठी, तर आतली चांदी काढायला! आणि १९५० च्या आसपासपर्यंतच्या फिल्मची ती कापसाची पट्टी नायट्रेटची असे, म्हणजे बंदुकीत वापरतात त्या स्फोटक कापसाची सख्खी बहीण. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात अशाच फिल्मच्या कोठाराला आग लागली आणि प्रभातच्या चित्रपटांसकट कितीतरी मूळ रिळे त्यात गेली. ज्या पुण्यात मी जपान्यांचा राम लखलखीत पाहिला, त्याच पुण्यात. आता 'प्रभात'चे जे चित्रपट आपण घरी पाहतो ते प्रतीच्या प्रतीवरून. त्यावर यंत्राने कितीही ठिपके भरा. तुकोबांच्या चेहऱ्यावरची जी सुरकुती मूळ रिळाबरोबर जळाली ती यंत्राला कशी माहीत असणार? ते एखादी छानशी सुरकुती बनवून देईल. आणि लोक म्हणतील, चकाचक!

जपान्यांच्या या नव्या प्रतीवरही माझी एक तक्रार आहे, आणि ती चित्राची नाही. पूर्वीच्या हिंदी आवृत्तीत रामाला अरुण गोविलांचा आवाज होता आणि रावणाला अमरीश पुरींचा. २०२५ ला चित्र जपून धुतले आणि आवाज मात्र नवे बसवले. नव्या मंडळींनी काम चोख केले आहे, त्यांच्याविषयी काही म्हणणे नाही. पण रेघ जुनी हवी तर गर्जना का नको? चित्रगृहात रावणाने तोंड उघडले तेव्हा मागच्या रांगेतून कुणीतरी "हे काय!" म्हणाले. मी नव्हे. पण म्हणणार होतो.

म्हणून आमच्या घरी आता अशी वाटणी झाली आहे की, पाहायचे असेल तर नवी प्रत, ऐकायचे असेल तर मेव्हण्याची कॅसेट. साबणाच्या जाहिरातीसकट ती मी लोखंडी कपाटात, उभी, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवली आहे. सौभाग्यवतींनी दोनदा ती भंगारवाल्याच्या टोपलीत टाकली आणि दोनदा मी ती काढली. तूर्त ऐकता येत नाही, कारण प्लेअरचा रबरी पट्टा तुटला आहे. चिखलीला एक दुरुस्तीवाला आहे, त्याच्याकडे प्लेअर दिवाळीपासून पडून आहे. दर सोमवारी फोन करतो. तो म्हणतो, "काका, या मापाचा पट्टा आता कुठी भेटत नाही. शिलाई मशीनचा लावून पाहू का?"

पाहा म्हटले.