मदत गावाची, पण खिसा कलाकाराचा! यात्रेच्या हंगामात फुकटच्या कार्यक्रमांचा हिशोब कोण मांडणार?

नारायणगाव (ता. जुन्नर) : पाडवा जवळ आला की आपल्याकडं तमाशाच्या राहुट्यांची चर्चा सुरू होते. गावोगावच्या यात्रा कमिट्या नारायणगावात येतात, फडमालकांशी बोलणी होतात, सुपारी ठरते, इसार दिला जातो. चैत्र-वैशाखाचे हे दोन महिने म्हणजे कलाकारांची सुगी. मोठ्या फडांबरोबर आता गावागावातली पोरंही या सुगीत उतरली आहेत. कुणाची जागरण-गोंधळ पार्टी आहे, कुणाचा लोकगीतांचा कार्यक्रम, कुणी ढोलकी वाजवतं, कुणी निवेदन करतं. बहुतेक जण वीस-पंचवीस वयाचे. दिवसा कॉलेज नाहीतर टोमॅटोच्या तोडणीला, रात्री कार्यक्रम.

पण याच दोन महिन्यांत या पोरांच्या फोनवर दुसऱ्या प्रकारचे फोन येतात. "भाऊ, आपल्या गावातल्या पोराचं ऑपरेशन आहे, मदतीसाठी कार्यक्रम ठेवलाय. तुम्ही यायलाच पाहिजे. मानधनाचं काही बोलू नका, समाजकार्य आहे." कधी शाळेच्या पत्र्यासाठी, कधी मंदिराच्या सभामंडपासाठी, कधी कुणाच्या घराला आग लागली म्हणून.

मदत झालीच पाहिजे, त्यात वाद नाही. पण ती नेमकी कोण करतं आणि तिचं ओझं कुणाच्या डोक्यावर बसतं, याचा विचार आपण गावकरी करत नाही. म्हणून हा लेख.

फुकट म्हणजे शून्य नाही, उणे

एका तरुण पार्टीवाल्यानं मला वहीत आकडे मांडून दाखवले. पार्टीत सात जण. सुपारी १८ हजाराची. त्यातून टेम्पो ३ हजार, साउंड ४ हजार, कपडे-मेकअप-जेवण मिळून १ हजार. राहिले १० हजार. मालकाचे दोन वाटे, बाकी सहा जणांचा एकेक, असे आठ वाटे. एका वाट्याला आले १२५०. रात्रभर उभं राहून, पहाटे तीनला घरी येऊन. हंगामात अशा २५ सुपाऱ्या मिळाल्या तर साध्या वादकाच्या हातात ३१ हजार २५० येतात. त्यातच पावसाळ्यापर्यंतचा घरखर्च आणि कॉलेजची फी.

आता फुकटचा कार्यक्रम बघा. साउंड आयोजकाचा, असं धरू. तरी टेम्पो सुटत नाही, कपडे-जेवण सुटत नाही. म्हणजे ४ हजार खिशातून. शिवाय जागरणामुळं दुसऱ्या दिवशीची रोजंदारी बुडते ती वेगळीच. हंगामात असे सहा कार्यक्रम झाले तर २४ हजार गेले. एका वादकाला एवढी रक्कम कमवायला २० सुपाऱ्या वाजवाव्या लागतात.

आपण म्हणतो, "दोन तास वाजवलं तर काय बिघडलं?" बिघडतं ते असं. दोन तास हे फक्त स्टेजवरचे. मागचे दहा तास आपल्याला दिसत नाहीत.

सगळ्यांना पैसे, कलाकाराला नारळ

इथं मी माझंच उदाहरण देतो. काही वर्षांपूर्वी आमच्या गावात एका आजारी मुलासाठी कार्यक्रम ठेवला होता, कमिटीत मीही होतो. मंडपवाल्याला पैसे दिले, कारण त्यानं आधीच सांगितलं होतं की बांबू-कापडाचं भाडं मला सुटत नाही. जनरेटरवाल्याला डिझेलसह दिले. फ्लेक्स छापणाऱ्यानं तर रोखीशिवाय बोर्ड हातात दिला नाही. आचाऱ्याला दिले. शेवटी पार्टीतल्या पोरांना बोलावलं, फेटा बांधला, शाल-श्रीफळ दिलं, टाळ्या वाजवल्या. त्यांचा टेम्पो कुणाचा होता, डिझेल कुणी टाकलं, हे आमच्यातल्या एकानंही विचारलं नाही. मीही नाही.

मंडपवाल्याला कुणी "समाजकार्य करा" म्हणत नाही, कारण बांबू दिसतो. ढोलकीवर बसलेली बोटं म्हणजे सुद्धा भांडवल आहे, हे दिसत नाही.

याचं मूळ जुनं आहे. आपल्या गावगाड्यात हलगी वाजवणारा, गोंधळ घालणारा, सनई फुंकणारा यांची कला म्हणजे गावचा हक्क, असंच धरलं गेलं. बदल्यात बलुतं, तेही गावाच्या मर्जीवर. महार वतनाच्या वेठीविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक मांडलं होतं. पुढं कायद्यानं वतनं गेली. पण "तू वाजव, गाव बघून घेईल" ही सवय आपल्या बोलण्यात अजून आहे. आणि ती नेमकी कुणाला ऐकवली जाते, हे प्रत्येकानं आपल्या गावात आठवून बघावं. फुकट वाजवणाऱ्या पोरांत कोणत्या वस्तीतली पोरं जास्त असतात, ते सांगायची गरज नाही.

नाही म्हणायची सोय नाही

मग पोरं नाही का म्हणत नाहीत? एक ढोलकीवाला म्हणाला, "दादा, नाही म्हणलं की दुसऱ्या दिवशी ग्रुपवर येतं, पोरगं माजलं. आणि ज्यानं फोन केला तोच पुढच्या वर्षी यात्रा कमिटीत असतो. सुपारी त्याच्याच हातात." गेल्या हंगामात एका तारखेला त्याला बाहेरच्या तालुक्यातली सुपारी होती आणि त्याच रात्री शेजारच्या गावात मदतीचा कार्यक्रम. इसार परत करून तो मदतीला गेला. ती सुपारी गेली ती गेलीच, त्या गावानं यंदा दुसरी पार्टी बघितली.

नाचणाऱ्या मुलींचं आणखी अवघड. पैसे देऊन बोलावलं की निदान करार असतो, वेळ ठरलेली असते, कमिटीची माणसं स्टेजजवळ असतात. मदतीच्या कार्यक्रमात "ताई, फक्त दोन गाणी" म्हणून बोलावतात आणि सहा करून घेतात. कपडे बदलायला जागा नसते. पुढं बसलेले चार जण काय ओरडतात, त्याला जबाबदार कुणी नसतं. एका मुलीची आई म्हणाली, "पोरगी चांगल्या कामाला गेली म्हणून मला वाईट वाटत नाही. पण रात्री एकला तिला घरी सोडायला एक माणूस नसावा?"

'नाव होईल' म्हणजे काय होईल?

पैशाऐवजी दिलं जाणारं आश्वासन एकच : नाव होईल, व्हिडिओ व्हायरल होईल. थोडं खरं आहे. मदतीच्या कार्यक्रमातल्या एखाद्या रीलमुळं सुपाऱ्या मिळालेली पोरं मी बघितली आहेत. पण बहुतेक वेळा व्हिडिओ चढतो तो आयोजकाच्या नाहीतर शूटिंगवाल्याच्या चॅनलवर. व्ह्यूज त्याला, कलाकाराचं नावसुद्धा खाली नसतं. पोरांनी लक्षात ठेवावं, कॉपीराइट कायद्यात सादर करणाऱ्या कलाकाराचाही हक्क मानलेला आहे. कार्यक्रम फुकट केला म्हणजे त्याचं रेकॉर्डिंग विकायचा परवाना दिला, असं होत नाही. आधीच सांगावं : शूटिंग करा, पण पार्टीचं नाव आणि नंबर खाली टाका.

आणि नुसत्या नावानं पोट भरत नाही, याचा दाखला आपल्याच मातीत आहे. विठाबाई नारायणगावकरांएवढं नाव तमाशात कुणाचं झालं? राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. २००२ साली त्या गेल्या, पण शेवटचा काळ हलाखीत गेला. आज त्यांच्या नावानं सरकार जीवनगौरव पुरस्कार देतं. कोरोनात २०२० आणि २०२१ अशा दोन वर्षांच्या यात्रा बंद राहिल्या, तेव्हा तर किती कलाकार मजुरीला गेले हे आपण डोळ्यानं पाहिलं. आयुष्यभर दुसऱ्यासाठी उभा राहिलेल्या कलाकारासाठीच शेवटी वर्गणी काढायची वेळ येत असेल, तर कुठंतरी चुकतंय.

सरकारकडून ज्येष्ठ कलावंतांना महिन्याला ५ हजार मानधनाची योजना आहे, पण ती वयाच्या पन्नाशीनंतर, आणि निवड झाली तर. बावीस वर्षाच्या पोराला तिचा आज काही उपयोग नाही.

दुसरी बाजूही आहे

सगळी पोरं नाराज आहेत असं लिहिलं तर ते खोटं होईल. मदतीच्या कार्यक्रमाला मनापासून जाणारी खूप आहेत. २०१९ ला सांगली-कोल्हापूरला महापूर आला तेव्हा मदतफेरीत पुढं चालणारी हीच पोरं होती. गाडगे महाराजांनी कीर्तनातून लोकांना जागं केलं, आलेल्या देणग्यांतून धर्मशाळा उभ्या राहिल्या, स्वतःसाठी काही ठेवलं नाही. ती आपली परंपराच आहे. पण महाराजांनी ते व्रत स्वतः घेतलं होतं. दुसऱ्यानं फोन करून लादलं नव्हतं. सेवा आणि वेठ यात फरक आहे तो इतकाच, आणि तो मोठा आहे.

पोरांना सगळ्यात जास्त खटकतं ते वेगळंच. ढोलकीवाला म्हणाला, "आम्ही फुकट गेलो त्याचं काही नाही. पण त्या रात्री किती जमले आणि त्या पोराच्या घरी किती पोचले, हे आम्हाला आजपर्यंत कळलं नाही." स्कॅनरचा कोड कुणाच्या तरी खासगी खात्याचा असतो आणि हिशोब तोंडी. गणेश मंडळं वर्गणीसाठी धर्मादाय कार्यालयाची तात्पुरती परवानगी काढतात. मग मदतीच्या नावाखाली पैसे गोळा करणाऱ्यांनी हिशोब द्यायला काय हरकत?

काय करता येईल?

यात सरकारची वाट बघायची गरज नाही. यात्रा कमिट्या, मंडळं आणि पोरं मिळून एवढं करू शकतात :

१. मानधन नाही तर नाही, पण गाडी, जेवण आणि घरी पोचवण्याची सोय आयोजकानं करावी. मंडपाचा खर्च धरता, तसा हाही आधीच धरावा.

२. ऑपरेशन थांबत नाही, ते समजू शकतो. पण शाळेचा पत्रा, सभामंडप अशी कामं चैत्र-वैशाखात कशाला? पोरांना सुपाऱ्या नसतात त्या महिन्यात ठेवा, आनंदानं येतील.

३. पार्टीनं वर्षाला मदतीचे किती कार्यक्रम करायचे ते हंगामाआधीच ठरवावं. दोन असोत की तीन. आकडा आधी सांगितला की नाही म्हणताना कुणाचा अपमान होत नाही.

४. इसार घेतलेली तारीख मोडायची नाही. बोलणं फोनवर झालं तरी तारीख, वेळ, किती गाणी, हे व्हॉट्सअॅपवर लिहून घ्यावं. फुकटच्या कार्यक्रमाचंसुद्धा.

५. जमलेल्या पैशाचा हिशोब आठ दिवसांत मारुतीच्या देवळावर लावावा आणि पार्टीला पाठवावा.

६. रात्रीचा प्रवास असतो. वर्षाला २० रुपयांत २ लाखांचा पंतप्रधान सुरक्षा अपघात विमा बँकेत निघतो. पार्टीतल्या प्रत्येकाचा काढून ठेवा. ई-श्रम कार्डाचीही चौकशी करा.

शेतकऱ्याला एक गोष्ट सांगावी लागत नाही. दारात आलेल्याला आपण पायलीभर धान्य देतो, पण पेरणीसाठी ठेवलेलं बियाणं देत नाही. ते दिलं तर पुढच्या वर्षी द्यायला काहीच उरत नाही. या पोरांच्या हंगामातल्या तारखा म्हणजे त्यांचं बियाणं आहे.

यंदा तुमच्या गावात मदतीचा कार्यक्रम ठरत असेल, तर कमिटीच्या बैठकीत एवढंच विचारा : पोरांच्या टेम्पोत डिझेल कोण टाकणार? आमच्या कमिटीच्या बैठकीत यंदा मी विचारणार आहे. त्या वर्षी विचारलं नव्हतं.