गाडीला चमक, पण बेताने

गेल्या महिन्यात आमच्या आपाची मुलगी शिक्षिका म्हणून रुजू झाली. शाळा घरापासून १४ किलोमीटर दूर आणि एसटीच्या वेळा गैरसोयीच्या. तेव्हा अब्बांनी ठरवले, आपली जुनी गाडी नातीला द्यायची. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांनी गाडी चालवणे सोडले आहे. पण रोज सकाळी फडके घेऊन ती पुसणे सोडलेले नाही. "पोरीला देताना चांगली चकचकीत करून दे," एवढेच ते म्हणाले आणि आम्ही बाह्या सरसावल्या.

तिथेच चुकलो. शेजारच्या ग्रिलवाल्याकडून चार इंची ग्राइंडर मागून आणला, त्याला स्पंजाची चकती लावली, बॉनेटवर पॉलिश ओतले आणि बटण दाबले. पहिल्या दोन मिनिटांत आरशासारखी चमक आली. तिसऱ्या मिनिटाला बॉनेटच्या कडेचा रंग उडून खालचा करडा प्रायमर दिसू लागला. अब्बा ओट्यावरून उठून आले, त्या डागावर बोट फिरवले आणि म्हणाले, "सोळा वर्षांत उन्हापावसाने केलं नाही, ते तू तीन मिनिटांत केलंस!"

बॉनेट रंगवून घ्यावे लागले. रंगकाम करणारे चाचा अब्बांच्या ओळखीचे. त्यांनी आम्हाला जे समजावले ते वाचकांनाही सांगावे, म्हणजे आमचा खर्च निदान कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट, रंगाची जाडी. आजकालच्या गाड्यांना रंगावर एक पारदर्शक थर असतो, त्याला क्लिअर कोट म्हणतात. चमक असते ती या थराची. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही कमी. पॉलिश करणे म्हणजे हा थर किंचित घासून गुळगुळीत करणे. घासलेला थर परत येत नाही. कडांवर आणि उंचवट्यांवर तर तो आणखी पातळ असतो. म्हणून आमचा घात कडेवरच झाला.

दुसरी गोष्ट, पॉलिश आणि वॅक्स एक नव्हेत. दुकानात दोन्ही डबे शेजारी असतात आणि आपण दोन्हींना पॉलिशच म्हणतो. कंपाउंड आणि पॉलिश रंग घासतात, बारीक ओरखडे काढतात. वॅक्स काही घासत नाही. ते वर बसते, पाणी निथळू देते आणि उन्हापासून थोडे संरक्षण देते. यातले कार्नोबा वॅक्स ब्राझीलमधल्या एका ताडजातीच्या झाडाच्या पानांपासून मिळते. साधे वॅक्स काही महिन्यांत उतरते, पुन्हा लावता येते. पॉलिश मात्र वरचेवर करायची गोष्ट नव्हे.

आता यंत्राबद्दल. ग्राइंडर मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेतो. तो लोखंड कापण्यासाठी आहे, गाडीसाठी नव्हे. गॅरेजमध्ये दिसतो तो रोटरी पॉलिशर. तो याहून बराच सावकाश, बहुधा ३,००० फेऱ्यांच्या आत चालतो. पण त्याची चकती एकाच अक्षावर गरगर फिरते, त्यामुळे एका जागी रेंगाळला की रंग तापतो. मुरलेल्या हाताला तो शोभतो. घरच्या माणसाने घ्यावा तो ड्युअल ॲक्शन पॉलिशर. त्याची चकती फिरते आणि त्याच वेळी लहानशा वर्तुळात डोलते. जास्त दाब पडला तर तिचे फिरणे मंदावते किंवा थांबते. म्हणून चूक झालीच तरी नुकसान कमी होते.

घेताना चार गोष्टी पाहाव्यात. वेग कमी-जास्त करण्याचे चाक हवे. चकती पाच इंची असावी; सहा इंची मोठ्या पत्र्यावर बरी, पण दाराच्या खाचांत अडते. डोलण्याचे माप ८ ते १५ मिलिमीटर असते. नवशिक्याला ८ चे यंत्र आवरायला सोपे. आणि स्पंजाचे पॅड वेगवेगळ्या घट्टपणाचे मिळतात; निदान दोन मध्यम आणि दोन अगदी मऊ पॅड घ्यावेत. पॉलिशचा पॅड वॅक्सला वापरू नये.

कामाला लागण्यापूर्वी गाडी शाम्पूने धुवावी, कोरडी करावी. हात फिरवल्यावर खरखर लागली तर क्ले बार ओला करून फिरवावा. धूळ राहिली तर यंत्र तीच रंगावर घासते. काम सावलीत करावे, पत्रा हाताला गार लागला पाहिजे. कडा, रबर आणि काळे प्लॅस्टिक यांवर मास्किंग टेप लावावी. वायर खांद्यावरून मागे टाकावी. अंगठी, बांगड्या काढाव्यात. ओढणी, दुपट्टा नीट खोचून घ्यावा.

आधी एका कोपऱ्यात थोडेसे करून पाहावे. पॅडवर वाटाण्याएवढे तीन-चार थेंब पुरतात. दोन फूट बाय दोन फूट एवढाच भाग घ्यावा. यंत्र पत्र्यावर टेकवूनच सुरू करावे आणि बंद करूनच उचलावे, नाहीतर पॉलिश भिंतीवर आणि तोंडावर उडते. आधी कमी वेगात पसरवावे, मग वेग मध्यम करावा. हात सावकाश, आधी आडवा मग उभा, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा चढलेला. दाब फार देऊ नये, यंत्राचे वजन बहुतेक पुरते. पॅडच्या मागच्या चकतीवर पेनने एक रेघ मारून ठेवावी. रेघ फिरताना दिसली नाही, तर समजावे की दाब जास्त झाला. चार ते सहा फेऱ्यांनंतर पुसून पाहावे.

वॅक्ससाठी मऊ पॅड आणि सर्वांत कमी वेग. थर जितका पातळ तितका चांगला. वॅक्स धुरकट झाल्यावर बोट फिरवावे. बोटाखालचा भाग स्वच्छ निघाला की मायक्रोफायबरच्या फडक्याने पुसावे.

पण एक गोष्ट चाचांनी बजावून सांगितली. नुसते वॅक्स लावायचे असेल तर यंत्राची गरजच नाही. हाताने तासाभरात तेच काम होते. घरात दोन-तीन गाड्या असतील, ओरखडे काढायचे असतील, तरच यंत्र घ्यावे.

मग आम्ही विचारले, "चाचा, पण गाडीभर हे कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे आले कुठून?" चाचांनी सरळ उत्तर दिले, "सुक्या धुळीवर सुकं फडकं रोज फिरवलं की असंच होतं."

आम्ही अब्बांकडे पाहिले नाही. अब्बा काही वेळ हातातल्या फडक्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे तू तीन मिनिटांत केलंस, ते मी सोळा वर्षं करत होतो." आणि हसले. त्या दिवसापासून आमच्यावरचा राग गेला.

ओरखडे सगळे गेले नाहीत. खोल होते ते चाचांनी तसेच ठेवायला सांगितले. त्यांच्या मागे लागलो असतो तर थरच संपला असता. तरी गाडी ओळखू येत नव्हती. किल्ली देताना अब्बांनी नातीच्या हातात दोन नवी मऊ फडकी दिली आणि म्हणाले, "बेटा, आधी पाणी, मग फडकं. कोरड्या गाडीला हात लावू नकोस."