शाळेची पायरी आणि राज्यकर्त्यांची धूळफेक

सार्वजनिक इमारतींत अपंगांसाठी रॅम्प बांधण्याचे बंधन १९९५ च्या कायद्याने घातले. पण "आर्थिक कुवतीच्या मर्यादेत" ही पळवाट त्याच वाक्यात ठेवली. १ एप्रिल २०१० पासून अंमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्याने अडथळाविरहित प्रवेश ही शाळेच्या इमारतीची अटच केली आणि जुन्या शाळांना तीन वर्षांची मुदत दिली. ती २०१३ साली संपली. पुढे २०१६ च्या कायद्याने सर्व जुन्या सार्वजनिक इमारतींसाठी आणखी पाच वर्षे दिली; तीही जून २०२२ मध्ये उलटली.

या दीर्घ कायदेपुराणाचे फलित काय? केंद्र सरकारच्याच २०२१-२२ च्या शालेय आकडेवारीनुसार कठडा असलेला रॅम्प जेमतेम निम्म्या शाळांत होता आणि अपंग मुलांना वापरता येईल असे स्वच्छतागृह केवळ २७ टक्के शाळांत! रॅम्प फाटकातून दिसतो, त्याचे उद्घाटन करता येते. स्वच्छतागृहाचे छायाचित्र कोण छापणार? परंतु जे मूल दिवसभर पाणी न पिता बसते, त्याच्यासाठी शाळेचे दार उघडले असे म्हणणे ही शुद्ध फसवणूक होय. मुलगी वयात आली की या फसवणुकीची किंमत शाळा सोडूनच चुकवावी लागते.

शिवाय जो रॅम्प मोजला जातो, तो तरी खरा असतो काय? एक फूट चढावाला बारा फूट लांबी हे मान्य प्रमाण आहे. पंधरा सेंटिमीटरच्या तीन पायऱ्यांसाठी सुमारे साडेपाच मीटर लांबीचा उतार हवा. पायऱ्यांवर ओतलेला दीड-दोन मीटरचा सिमेंटचा घसरता तुकडा तक्त्यात "होय" म्हणून नोंदला जातो. चाकाची खुर्ची मात्र त्यावर चढत नाही.

पैसा नाही, ही सबब खोटी आहे. मतदानाच्या दिवशी याच शाळांत रॅम्प उभे करण्याचे निवडणूक आयोगाचे निर्देश असतात आणि यंत्रणा ते पाळू शकते. मतदाराला वाट मिळते, विद्यार्थ्याला मिळत नाही. श्रीमंताचे अपंग मूल मोटारीतून, सोबत्यासह खासगी शाळेत जाते. मजुराच्या मुलाला सरकारी शाळेवाचून दुसरा आधार नाही. त्याला पाठीवर घेऊन पायऱ्या चढणारी आई रोजचा खाडा सोसते. हा खर्च कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही, कारण तो कष्टकरी स्त्रीच्या माथी मारलेला आहे.

डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी "दिव्यांग" हा शब्द सुचविला. नाव बदलले, पायरी हलली नाही. अखेर ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुगमतेचा नियमच कायद्याशी विसंगत ठरविला. कायद्याने केलेली सक्ती सरकारी नियमाने निव्वळ शिफारशीवर आणून ठेवली होती! तीन महिन्यांत सक्तीचे नियम करण्याचा आदेश न्यायालयाला द्यावा लागला, यातच राज्यकर्त्यांची दानत उघडी पडते.

न्यायालयाच्या निकालाने भिंत फुटत नाही; संघटित मागणीने फुटते. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत पालकांचे बहुमत असते आणि शाळेचा विकास आराखडा तीच करते. पक्षसदस्यांनी आपापल्या वस्तीतील शाळेत मोजपट्टी घेऊन जावे. रॅम्पची लांबी, दाराची रुंदी, स्वच्छतागृहाची वाट मोजावी, आकडे समितीपुढे ठेवावेत आणि आराखड्यात तरतूद होईपर्यंत पालकांना सोबत घेऊन लढा चालू ठेवावा. ही भीक नव्हे, थकलेले देणे आहे. ते वसूल झालेच पाहिजे!