पालखी दिसते, खांदे दिसत नाहीत

काशीला गेलेला मराठी माणूस घाट बघतो, देवळे बघतो, गंगाजलाची लोटी घेतो आणि परततो. अहिल्याबाई घाट, भोसले घाट, सिंधिया घाट ही नावे वाचून त्याला अभिमानही वाटतो. तिथली संग्रहालये मात्र त्याच्या यादीत नसतात. चळवळीत वाढलेली, शिकलेली मुलेमुलीही विचारतात, “राजांच्या तलवारी आणि फुटके दगड बघून आपल्याला काय मिळणार?” या प्रश्नामागचा राग खरा आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष घातक आहे. संग्रहालय म्हणजे पुराव्याचे कपाट. आपण ते उघडले नाही, तर ज्यांच्या हाती किल्ली आहे तेच आपला इतिहास सांगत राहतील.

गंगेपलीकडच्या रामनगर किल्ल्यात काशीनरेशांचे संग्रहालय आहे. हत्यारे, हौदे, हस्तिदंती वस्तू, जुन्या मोटारी आणि नक्षीदार पालख्या. लोक नक्षीचे फोटो काढतात. पण पालखी आपणहून चालत नाही. उत्तरेत ती कहारांनी वाहिली, आपल्याकडे भोयांनी. ज्या खांद्यांवर घट्टे पडले ते खांदे काचेच्या कपाटात ठेवता येत नाहीत, म्हणून ते नव्हतेच असे मानायचे का?

बनारस हिंदू विद्यापीठातल्या भारत कला भवनाची सुरुवात राय कृष्णदास यांनी 1920 साली केली. लघुचित्रे, मूर्ती, वस्त्रे असा तिथला संग्रह मोठा आहे. आपल्या देशात जुन्या वस्त्रांची नोंद कशी होते ते पाहा. गाव, काळ, रेशीम, जर. विणकराचे नाव बहुधा नसतेच. कबीर ज्या शहरात माग चालवत होते आणि जिथे आजही मुख्यतः मुस्लीम विणकर मागावर बसतात, त्या बनारसच्या कापडाबाबत हे मौन फार बोलके आहे. याच विद्यापीठाला लागून सीर गोवर्धनपूर आहे. संत रविदासांचे जन्मस्थान मानल्या जाणाऱ्या या जागी 1965 साली मंदिराची पायाभरणी झाली, ती त्यांच्या पंजाबातल्या अनुयायांच्या पुढाकाराने. ज्यांना कपाटात जागा मिळाली नाही, त्यांनी आपली आठवण स्वतः बांधली.

आता सारनाथ. 1794 साली काशीचे जमीनदार जगत सिंह यांच्या माणसांनी विटांसाठी धर्मराजिका स्तूप फोडला. आत सापडलेल्या अस्थी गंगेत सोडल्या गेल्या आणि विटा बाजार बांधायला वापरल्या गेल्या. पुढे इंग्रजी अमदानीत वरुणा नदीवरच्या पुलाच्या कामात इथल्या 48 मूर्ती प्रवाह अडवायला पाण्यात टाकल्या गेल्या. म्हणजे बौद्ध वारसा नुसता काळाच्या ओघात लुप्त झाला नाही. तो माणसांच्या हातांनी उचलला, फोडला आणि बुडवला. उरले ते 1904-05 च्या उत्खननात वर आले. त्यातच अशोकाचे सिंहशीर्ष होते, जे 26 जानेवारी 1950 रोजी देशाची राजमुद्रा झाले. ते ठेवलेले संग्रहालय 1910 पासून उभे आहे.

याच संग्रहालयात लाल दगडाचा एक भव्य बोधिसत्त्व उभा आहे. मथुरेच्या या मूर्तीसोबत दगडी छत्रही होते. छत्राच्या दांड्यावर कनिष्काच्या तिसऱ्या राज्यवर्षाचा लेख आहे. दान देणारा भिक्षू बल. त्याने आईवडिलांना, गुरूंना, शिष्यांना पुण्याचे वाटेकरी केले आणि भिक्षुणी बुद्धमित्रेलाही. तिच्या नावापुढे लेखात बिरुद आहे, त्रिपिटक जाणणारी. तिचे नाव क्षत्रपांच्या नावांआधी येते. सर्व प्राण्यांच्या हितासुखासाठी हे दान आहे, असे लेख शेवटी सांगतो. स्त्रीशूद्रांना ज्ञानाचा अधिकार नव्हता, ‘पूर्वीपासून असेच होते’, असे आपल्याला ऐकवले जाते तेव्हा हा दगड साक्षीला उभा करा. जवळजवळ 1900 वर्षांपूर्वी काशीत एका विदुषीचे नाव सन्मानाने कोरले गेले होते.

आणि विसाव्या शतकात? जानेवारी 1978 मध्ये तत्कालीन संरक्षणमंत्री जगजीवन राम यांनी याच शहरातल्या संस्कृत विद्यापीठात संपूर्णानंदांच्या पुतळ्याचे अनावरण केले. नंतर तो पुतळा गंगाजलाने धुतला गेला. देशाच्या सैन्याची जबाबदारी सांभाळणाऱ्या माणसाच्या स्पर्शाने दगड बाटला! ही घटना सांगणारी पाटी कोणत्या संग्रहालयात लावणार?

पहिल्या पिढीतल्या पदवीधरांनो, तुमच्या घरात माहितीफलक वाचू शकणारे पहिले डोळे तुमचे आहेत. ते परीक्षेपुरते ठेवू नका. सारनाथला जा, रामनगरला जा (सारनाथचे संग्रहालय शुक्रवारी बंद असते, हे ध्यानात ठेवा). काशी लांब असेल तर आपल्या जिल्ह्यातले संग्रहालय गाठा. नागपूरजवळच्या चिचोलीला जा. तिथे बाबासाहेबांचे कपडे आणि वापरातल्या वस्तू आहेत. वामनराव गोडबोले यांनी त्या जपल्या नसत्या तर आज काय उरले असते, याचा विचार करा.

प्रत्येक वस्तूसमोर तीन प्रश्न विचारा. ही कोणी घडवली? कोणाच्या श्रमावर चालली? इथे कशी आली? फलकावर उत्तर नसेल तर अभिप्राय वहीत तसे लिहा, तारीख घाला, सही करा. सारनाथचे संग्रहालय आणि बनारस हिंदू विद्यापीठ दोन्ही केंद्राच्या अखत्यारीत आहेत. तिथे दहा रुपये शुल्क भरून माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो. घरी आईचे खुरपे, आजोबांची रापी, बापाचा कामगार बिल्ला असेल तर भंगारात देऊ नका. त्यावर नाव, गाव आणि साल लिहून ठेवा. पुढच्या संग्रहालयाचे पहिले कपाट तिथून सुरू होते.