सांगाडा आणि चिमटा

मोटरसायकल वळणात निर्धास्त झुकते की मागून डुलते, हे इंजिनाच्या ताकदीपेक्षा चेसिस, म्हणजे गाडीचा सांगाडा, आणि स्विंगआर्म, म्हणजे मागचे चाक धरणारा चिमटा, यांच्या जोडणीवर अधिक अवलंबून असते. १९५० साली नॉर्टनने शर्यतीत उतरवलेल्या ‘फेदरबेड’ सांगाड्याने हे ठळकपणे दाखवले. चाकणला तयार होणाऱ्या आणि २०१२ साली बाजारात आलेल्या केटीएम २०० ड्यूकचा पोलादी नळ्यांचा जाळीदार सांगाडा व ॲल्युमिनियमचा चिमटा ही त्याच विचाराची फळे होत.

चिमटा ज्या आडव्या बोल्टभोवती वरखाली फिरतो, त्याच्या बुशमध्ये केसाएवढी ढील आली, तरी चिमट्याच्या लांबीमुळे ती चाकापाशी कित्येक पटींनी वाढते, आणि कसारा घाट उतरताना, मागे माणूस व सामान असताना, गाडी वळणाची रेघ सोडू पाहते. दोष मात्र बहुधा टायरच्या माथी मारला जातो. म्हणूनच बोल्ट पेलणाऱ्या दोन्ही बाजू शक्य तितक्या दूर आणि मजबूत ठेवाव्या लागतात. अर्थात निव्वळ ताठरपणा हे काही उत्तर नव्हे, कारण झुकलेल्या गाडीचे शॉकअप खड्ड्याचा आडवा धक्का नीट गिळत नाहीत आणि तो थोडासा सांगाड्यानेच लवून सोसावा लागतो.

नाशिककर चालकांनी पुढच्या सर्व्हिसिंगला गाडी मधल्या स्टँडवर घेऊन चिमटा दोन्ही हातांनी आडवा हलवून पाहावा, आणि ‘टक’ असा आवाज आल्यास बुश बदलूनच घाटात उतरावे.