कमिंग सून... मॉन्सून!

‘कमिंग सून’ हे दोन शब्द वाचले की मला काहीतरी होतं. हातातला फोन ठणठणीत असला तरी पुढचा कधी येणार, कुठल्या रंगात येणार, हे मी रात्री दोन वाजेपर्यंत वाचत बसते. तुमचंही काही वेगळं नसणार! माझा एक मित्र तर ‘थांब गं, दोन महिन्यांत नवीन येतोय’ असं म्हणत दीड वर्षं त्याच फुटक्या स्क्रीनवर काढतोय.

पण माझा जीव खरा अडकला होता, तो फोनमध्ये नाही. एका मॉड्युलर सिंथेसायझरच्या मॉड्यूलमध्ये.

आता हे काय नवीन? सांगते. नेहमीच्या सिंथवर बटण दाबलं की तयार व्हायोलिन वाजतं. मॉड्युलरमध्ये तयार काहीच नसतं. एक मॉड्यूल सूर काढतं, दुसरं तो गाळतं, तिसरं ताल धरतं आणि कोणी कोणाशी बोलायचं ते आपण वायरी खोचून ठरवायचं. १९९०च्या दशकाच्या मध्यात जर्मनीच्या डीटर डोएफर यांनी ‘युरोरॅक’ हे माप रूढ केलं. उंची १२८.५ मिलिमीटर, वीजपुरवठा १२ व्होल्टचा आणि पिन जुन्या हेडफोनची असायची तीच, साडेतीन मिलिमीटरची. माप एकच असल्याने कोणाचंही मॉड्यूल कोणाच्याही शेजारी बिनधास्त बसतं. म्हणून तर या धंद्यात अगदी एक-दोन माणसांच्या कंपन्याही तग धरतात.

त्यातलीच एक पॅरिसची ‘म्युटेबल इन्स्ट्रुमेंट्स’. एमिली जिले नावाच्या डिझायनरने २०१०च्या आसपास सुरू केलेली. तिच्या सुरुवातीच्या सिंथची नावं ऐका : श्रुती-१, अनुश्री, अंबिका. खोटं वाटतंय? खरंच! माझ्या शाळेचा हजेरीपट वाचल्यासारखं वाटलं मला.

मग ती युरोरॅकमध्ये आली आणि तिने ‘क्लाउड्स’ काढलं. आत येणारा आवाज साठवायचा, त्याची तांदळाच्या कणीसारखी बारीक कणी करायची आणि ती हवेत उधळायची. साध्या आवाजाचा ढग होतो. ते २०१७मध्ये बंद झालं आणि सुरू झालं आमचं वाट बघणं. पुढचं कधी? कसं असेल? २०२१मध्ये ‘बीड्स’ आलं. रुंदी जेमतेम सात सेंटिमीटर, पण चार वर्षं वाट बघायला लावली त्याने!

मी पैसे साठवायला घेतले. कुरिअर, कस्टम ड्यूटी, सगळा हिशोब मांडला. पण फ्रीलान्सरचे पैसे कसे असतात, माहितीये ना? एका क्लायंटचं बिल ‘पुढच्या आठवड्यात नक्की’ करत चार महिने लटकलं. मग वाटलं, घाई काय आहे? कदाचित याच्याहून भारी काहीतरी येईल.

आलं ते भलतंच. २०२२मध्ये जिले यांनी कंपनीच आवरती घेतली. दिवाळं निघालं म्हणून नाही, थांबायचं ठरवलं म्हणून. ‘पुढचं येईल’ या हिशोबात ‘पुढचं येणारच नाही’ हा पर्याय मी धरलाच नव्हता! इतकी चरफडले, की रूममेटला वाटलं ब्रेकअप झालं.

पण गोष्ट इथे संपत नाही. जिले यांनी आपल्या बहुतेक मॉड्यूल्सचे आराखडे आणि कोड आधीपासूनच जगासाठी खुले ठेवले होते. वापरा, बदला, बनवून विका, फक्त आमच्या कंपनीचं नाव लावू नका. फोनच्या जगात असं कोणी करतं का हो? तिथे नवा आला की जुना भंगारात. इथे दुकानाचं शटर पडलं, पण रेसिपी सगळ्यांकडे आहे.

म्हणून तर ‘व्हीसीव्ही रॅक’ या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तेच क्लाउड्स ‘टेक्स्चर सिंथेसायझर’ या नावाने बसलंय. मी माझ्या रखडत चालणाऱ्या लॅपटॉपवर ते उतरवलं आणि त्यात पहिला आवाज टाकला आईच्या व्हॉइस मेसेजचा. ‘जेवलीस का गं?’ एवढाच. कणी-कणी होऊन तो खोलीभर पसरला आणि मग मी ‘फ्रीझ’ दाबलं. रात्री एक वाजता ‘गं’ हे एकच अक्षर माझ्या खोलीत तंबोऱ्यासारखं घुमत होतं. सकाळी आईला ऐकवलं, तर म्हणाली, ‘छान आहे. पण जेवली होतीस का, ते सांग.’

मी जेवले नव्हते. क्लायंटचं बिलही निघालं नव्हतं. पण चार वर्षं नुसती वाट बघून जे मिळालं नाही, ते एका रात्रीत आणि फुकटात मिळालं होतं.

तरी सवय जात नाही. अजूनही छोट्या कंपन्यांचं काय-काय येतंय ते मी बघतेच. त्यातच कळलं, क्लाउड्सच्या आराखड्यावरून दुसऱ्यांनी काढलेल्या एका मॉड्यूलचं नाव आहे ‘मॉन्सून’. ढग गेले म्हणून मी रडत बसले होते. ते पावसाच्या तयारीला लागले होते!

या वेळी बिल निघालं, की थांबायचं नाही. थेट ऑर्डर.